लेखनिक फेब्रुवारीत लागतो, शोधायचा जुलैत: कॉलेजमधल्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी वर्षभराची तयारी

बारावीच्या परीक्षेला आठ दिवस उरले असताना एक वडील माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मुलाला अल्पदृष्टी. प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. दहावीला शाळेनं लेखनिक, म्हणजे विद्यार्थी सांगेल तसं उत्तर लिहून देणारा, मिळवून दिला होता. आमच्याकडे मुलगा दोन वर्षं शिकला आणि त्याच्या सवलतीचा प्रस्ताव मंडळाकडे गेलाच नव्हता. अर्ज कार्यालयात आला होता, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकला होता आणि तिथंच राहिला होता. कुणी मुद्दाम अडवलं नव्हतं, सगळी भली माणसं होती. विभागीय मंडळात खेटे घालून परवानगी मिळाली, पण लेखनिकाबरोबर सरावाला त्या मुलाला एक दिवसही मिळाला नाही. भौतिकशास्त्राच्या पेपरात तो बोलत राहिला आणि लिहिणारा मागं पडत राहिला.

त्यानंतर कॉलेजच्या समान संधी कक्षाचं, म्हणजे दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयी पाहण्याचं काम मी मागून घेतलं. आमचं कॉलेज पूर्व विदर्भातल्या तालुक्याच्या गावचं, अकरावी-बारावी आणि पदवी एकाच आवारात. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. दिव्यांग विद्यार्थ्याची सोय एखाद्याच्या चांगुलपणावर सोडली, तर तो माणूस रजेवर गेला की सोयही रजेवर जाते. ती कागदावर, तारखेसह आणि कुणाच्या तरी नावावर असली तरच टिकते. म्हणून हा लेख शैक्षणिक वर्षाच्या क्रमानं लिहितो आहे. वर्गशिक्षक, पर्यवेक्षक, प्राचार्य आणि कार्यालयातली मंडळी, सगळ्यांसाठी.

जून-जुलै: प्रवेशाच्या खिडकीवर

प्रवेश अर्जात 'दिव्यांग: होय / नाही' असा रकाना असतो. बहुतेक ठिकाणी ती माहिती आरक्षणाच्या तक्त्यात जाते आणि तिथंच संपते. पहिलं काम एवढंच: 'होय' लिहिलेल्या अर्जांची यादी प्रवेश पूर्ण झाल्यापासून आठवड्याच्या आत एका ठरलेल्या शिक्षकाच्या हातात पडली पाहिजे. त्या शिक्षकाचं नाव सूचनाफलकावर आणि माहितीपत्रकात छापा. 'कार्यालयात चौकशी करावी' हे वाक्य कुणाच्याही कामाचं नसतं.

'नाही' लिहिणारेही असतात, हे विसरू नका. मुलीचं लग्न जमणार नाही या भीतीनं पालक कमी ऐकू येण्याची गोष्ट लपवतात. शाळेत चिडवलं गेलेलं पोर नव्या ठिकाणी कोरी पाटी शोधतं. शिवाय कित्येकांना आपला त्रास कायद्याच्या यादीत आहे हेच ठाऊक नसतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. अंधत्व, कर्णबधिरत्व, अस्थिव्यंग हे आपल्या ओळखीचे. पण विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेलही त्यात आहेत. म्हणून पहिल्या आठवड्यात प्रत्येक वर्गात एक साधी सूचना वाचून दाखवा: 'वाचताना, लिहिताना, ऐकताना, चालताना किंवा तब्येतीमुळे कॉलेजात काही अडत असेल, तर अमुक सरांना किंवा मॅडमना एकटं भेटा. प्रमाणपत्र नसलं तरी चालेल.' शेवटच्या वाक्यानं आमच्याकडे येणारी मुलं वाढली.

पहिली भेट

ही भेट शिक्षकखोलीत नको, तिथं दहा कान असतात. पालक सोबत असले तर थोडा वेळ विद्यार्थ्याशी एकट्याशी बोला. पालक आजाराबद्दल सांगतात, मूल अडचणीबद्दल सांगतं, आणि आपल्याला दुसरी गोष्ट हवी असते.

'तुला काय झालंय?' असं विचारू नका. 'शाळेत काय अडायचं? त्यावर काय केलं की सोपं जायचं?' असं विचारा. घरातून कॉलेजात कसं येतोस, फळ्यावरचं कुठल्या बाकावरून दिसतं, किती वेळ सलग लिहिता येतं, संडासला जाण्याची काय सोय लागते, प्रात्यक्षिकात कशाची भीती वाटते, मोबाइलवर काय वापरतोस. दोन अंध मुलांच्या गरजा सारख्या नसतात. एक ब्रेल वाचतो, दुसऱ्याला ब्रेल येतच नाही आणि तो सगळं मोबाइलवर ऐकतो. आपण परस्पर ठरवून टाकलं तर ब्रेलचा कागद आणून त्याच्यासमोर ठेवू आणि तो भिडस्तपणे 'थँक्यू सर' म्हणेल.

या बोलण्यातून एका पानाचं टिपण करा: काय अडतं, काय करायचं, कुणी करायचं, कधीपर्यंत. रोगाचं नाव त्यात असायलाच हवं असं नाही. 'पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवणे' एवढं शिक्षकाला पुरतं. हे टिपण कुणाकुणाला द्यायचं ते विद्यार्थ्याला विचारून ठरवा, त्याची सही घ्या. विषयशिक्षक, परीक्षा विभाग, ग्रंथपाल आणि शिपाई मावशी या चार ठिकाणी ते जायला हवं. मावशींचं नाव मी जाणूनबुजून घेतलं. तळमजल्याच्या स्वच्छतागृहाची किल्ली त्यांच्याकडे असते.

वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर यातलं काहीही टाकू नका. वर्गात उभं करून 'याला सगळ्यांनी मदत करा' असंही म्हणू नका.

कागदपत्रं: टक्केवारी आणि तारीख

वैश्विक ओळखपत्र, म्हणजे ज्याला सगळे यूडीआयडी म्हणतात, ते केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून आणि जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी होऊन मिळतं. बहुतेक योजनांसाठी कायदा ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व धरतो. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये याच कायद्याच्या कलम ३२ नुसार किमान ५ टक्के जागा अशा विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात, वयोमर्यादेत ५ वर्षांची सूटही असते.

कार्यालयानं प्रमाणपत्राची छायाप्रत घेताना दोन गोष्टी वेगळ्या नोंदवाव्यात: टक्केवारी आणि वैधता. काही प्रमाणपत्रं तात्पुरती असतात. अकरावीत वैध असलेलं प्रमाणपत्र बारावीच्या डिसेंबरात संपलं तर सगळं पुन्हा सुरू. जिल्ह्याच्या ठिकाणी शिबिराचा ठरलेला वार असतो, तिथं जायला पालकांची मजुरी बुडते, आणि एका फेरीत काम होईल असंही नाही. मुदत संपण्याच्या चार-पाच महिने आधी घरी फोन जायला हवा. मी एका साध्या वहीत या तारखा लिहून ठेवतो आणि दर महिन्याच्या एक तारखेला ती वही उघडतो.

४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर 'काही करता येत नाही' असं सांगून परत पाठवण्याची सवय अजून गेलेली नाही. ती चुकीची आहे. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की लेखनिकाची सोय ४० टक्क्यांच्या अटीला बांधता येणार नाही. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येण्याचा विकार होता. पुढं १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्रानं अशा उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. त्यात लिहिण्यातली अडचण शासकीय आरोग्य संस्थेच्या वैद्यकीय प्रमाणपत्रानं दाखवायची असते. हा कागद फाइलला लावून ठेवा, कामाला येतो.

शिष्यवृत्तीसाठी राज्याचं महाडीबीटी पोर्टल आणि राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल, दोन्ही पाहा आणि दोन्हींच्या मुदती त्याच वहीत लिहा.

इमारत: टेप घेऊन फिरा

रॅम्प आहे का, या प्रश्नाला प्रत्येक कॉलेज 'हो' म्हणतं. टेप लावा. उताराचं प्रमाण १ ला १२ पेक्षा तीव्र नको. १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. तशा तीन पायऱ्या, म्हणजे ४५ सेंटिमीटर असतील तर ५.४ मीटर. आपल्याकडे तीन पायऱ्यांवर दोन मीटरचा सिमेंटचा उतार ओततात आणि त्याला रॅम्प म्हणतात. त्यावरून खुर्ची चढत नाही, आणि उतरताना माणूस पुढं फेकला जातो. रुंदी किमान १.२ मीटर, दोन्ही बाजूंना कठडा, वर आणि खाली सपाट जागा, दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर, आणि खुर्ची वळवायला दीड मीटरची जागा. मग पावसाळ्यात पुन्हा जाऊन पाहा. गुळगुळीत फरशी लावलेला रॅम्प जुलैत शेवाळतो. आणि एरवी त्याच्या तोंडाशी मोटरसायकली लावलेल्या असतात.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येण्याचे, किमान निकष सक्तीचे असले पाहिजेत, निव्वळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत. व्यवस्थापनापुढं प्रस्ताव ठेवताना याचा उल्लेख करा. विद्यापीठ अनुदान आयोगाचीही उच्च शिक्षण संस्थांसाठी २०२२ ची सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वं आहेत.

पण लिफ्टच्या निधीची वाट पाहत बसू नका. वेळापत्रक बदलणं फुकट आहे. व्हीलचेअरवरचा विद्यार्थी ज्या तुकडीत, त्या तुकडीचे सगळे तास तळमजल्यावर आणा. चार मुलांनी उचलून वर न्यायची पद्धत कृपा करून बंद करा. धोका तर आहेच, आणि रोज सगळ्यांसमोर उचललं जाणं त्या मुलाला काय वाटत असेल याचा विचार करा. ग्रंथालय वरच्या मजल्यावर असेल तर ठरलेल्या वेळी पुस्तकं खाली आणून देणारा माणूस नेमा. प्रयोगशाळेत एक टेबल बसून काम करता येईल इतक्या उंचीचं ठेवा.

स्वच्छतागृहाबद्दल एकच सांगतो. दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह बहुतेक ठिकाणी कुलूपबंद असतं किंवा त्यात झाडू आणि मोडकी बाकं ठेवलेली असतात. आमच्याकडची एक मुलगी त्यामुळं सकाळपासून पाणीच प्यायची नाही. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं, तेही तिच्या मैत्रिणीकडून.

वर्गात

ज्याला कमी ऐकू येतं त्याच्यासाठी सगळ्यात मोठी सोय म्हणजे शिक्षकानं फळ्याकडे तोंड करून न बोलणं. लिहा, वळा, मग बोला. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, पण त्यात पंख्याची घरघर आणि बाहेरच्या ट्रॅक्टरचा आवाजही मोठा होतो. म्हणून बाक पुढं हवाच, शिवाय पंख्याखाली आणि रस्त्याच्या खिडकीशी नको. नव्या धड्यातले पारिभाषिक शब्द तास सुरू होण्याआधी फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. ओठ वाचून अनोळखी शब्द कळत नाही. मोबाइलवरचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब मराठी बोलणं अक्षरांत दाखवतं. भर वर्गात चुका करतं, पण दोघांच्या बोलण्यात चांगलं चालतं.

जी मुलं भारतीय सांकेतिक भाषेत वाढली, त्यांच्यासाठी मराठी ही दुसरी भाषा असते. त्यांच्या उत्तरातली विभक्ती चुकली म्हणजे विषय कळला नाही, असं धरू नका.

अल्पदृष्टी असलेल्या मुलाला मोठ्या अक्षरांतला कागद द्यायचा तर आधी त्याला तीन आकार दाखवून विचारा. झेरॉक्सवर मोठं केलं की अक्षर फिकं आणि तुटक होतं, त्यापेक्षा १८ किंवा २० आकारात नव्यानं छापलेलं बरं. फळ्यावर उन्हाची तिरीप पडत असेल तर एक पडदा लावा. फळ्याचा फोटो काढायची परवानगी द्या. मोबाइलबंदीचा नियम असेल तर टिपणात लेखी अपवाद हवा, नाहीतर एखादे नवे सर तो फोन जप्त करतील.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाचं उत्तर तोंडी घेऊन पाहा. 'हुशार आहे पण आळशी आहे' असा शेरा ज्यांच्या प्रगतिपुस्तकात वर्षानुवर्षं आहे, त्यांतली किती मुलं खरोखर आळशी होती, हा प्रश्न मला अजून छळतो.

नोट्स: आधी फॉन्ट बघा

हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण इथं पैशाशिवाय सगळ्यात जास्त फरक पडतो. अंध विद्यार्थी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर वापरतात: मोबाइलवर टॉकबॅक आणि संगणकावर एनव्हीडीए. दोन्ही फुकट आहेत, दोन्ही मराठी वाचतात. पण अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला मराठी म्हणून कळणाऱ्या पद्धतीत, असतील तरच. आपल्याकडे अजून श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेखन होतं. कागदावर ते सुरेख मराठी दिसतं, यंत्राला मात्र ती रोमन अक्षरांची खिचडी असते, आणि ते तशीच खिचडी वाचून दाखवतं. दुसरी अडचण फोटोची. वहीच्या पानाचा फोटो किंवा स्कॅन केलेली पीडीएफ यंत्राच्या दृष्टीनं नुसतं चित्र असतं.

तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. फाइलमधलं एक वाक्य निवडा, कॉपी करा, व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठी उमटलं तर फाइल ठीक. अगम्य अक्षरं आली तर फॉन्ट जुना आहे. वाक्य निवडताच येत नसेल तर ते चित्र आहे. चित्र असेल तर गूगल ड्राइव्हमध्ये चढवून गूगल डॉक्स म्हणून उघडा, छापील मराठी बऱ्यापैकी अक्षरांत येतं. हस्ताक्षराचं मात्र काही खरं नाही, ते कुणीतरी टंकावंच लागतं. आकृती असेल तर खाली दोन ओळींत लिहा की आकृतीत काय आहे. 'आकृती पाहा' एवढ्यानं भागत नाही.

पाठ्यपुस्तक किंवा संदर्भग्रंथ अशा रूपात आणणं बेकायदा आहे का, असं ग्रंथपाल विचारतात. नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं प्रताधिकार कायद्यात यासाठी सूट आहे. अंध वाचकांसाठीच्या माराकेश कराराला २०१४ साली सगळ्यात आधी मान्यता देणारा देशही भारतच. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयाचं सदस्यत्व विद्यार्थ्याला मिळवून द्या. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठी संसाधन केंद्र चालतं. मोठं काम कसं करतात ते पाहायचं असेल तर तिथलं काम समजून घ्या.

आमच्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रण करतात. एक सूचना: प्रत्येक धड्याची वेगळी फाइल करा आणि फाइलच्या नावात धड्याचं नाव लिहा. तीन तासांच्या एकाच फाइलमध्ये हवं ते पान सापडत नाही.

न दिसणारा आजार

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, तिकडे नंदुरबार, या पट्ट्यातल्या कॉलेजांनी सिकलसेलचा विचार वेगळा करायला हवा. मूल बाहेरून धडधाकट दिसतं. मग एकाएकी सांधे आणि हाडं असह्य दुखू लागतात, चार-पाच दिवस ते दवाखान्यात असतं, आणि परत येतं तेव्हा हजेरी कमी भरलेली असते. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढचा रक्तपुरवठा थांबतो, त्याच्या या वेदना. शरीरातलं पाणी कमी होणं, थंडी, ताप, अतिश्रम यांनी हा त्रास उफाळतो.

म्हणजे कॉलेजनं काय करायचं? पाण्याची बाटली वर्गात आणि परीक्षेतही जवळ ठेवू द्यायची. थंडीत सकाळी सातच्या मैदानावरच्या कवायतीची सक्ती करायची नाही. गैरहजेरीचे दवाखान्याचे कागद वेळोवेळी घेऊन फाइलला लावायचे, म्हणजे वर्षाच्या शेवटी हजेरीवरून परीक्षेला बसू देण्याचा वाद होत नाही. चुकलेलं प्रात्यक्षिक पुन्हा घ्यायचं, ते कोण घेणार हे सत्राच्या सुरुवातीलाच ठरवायचं. सिकलसेलच्या विद्यार्थ्याला परीक्षेत वाढीव वेळेसाठीही अर्ज करता येतो. मानसिक आजार किंवा अपस्मार असलेल्या मुलांनाही यातलं बरंच काही लागू पडतं: लवचीक हजेरी, चुकलेल्या कामाची दुसरी संधी, आणि झटका आला तर काय करायचं हे माहीत असलेला एक माणूस.

परीक्षा: सगळ्यात जास्त चुका इथं होतात

दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम १७ परीक्षा पद्धतीत बदल करायला सांगतं: वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. केंद्राच्या सूचनांनुसार वाढीव वेळ तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक घेतला नाही तरी हा वेळ मिळतो. सूचना बदलत असतात, म्हणून मंडळाचं आणि विद्यापीठाचं त्या त्या वर्षीचं परिपत्रक काढूनच अर्ज भरा.

प्रस्ताव परीक्षेच्या अर्जाबरोबरच गेला पाहिजे. आवक क्रमांक घ्या आणि मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत दर पंधरा दिवसांनी विचारा. सगळ्यात महत्त्वाचं: सहामाही, घटक चाचणी, सराव परीक्षा, सगळीकडे हीच सोय द्या. ज्यानं वर्षभर लेखनिकाशिवाय पेपर दिले, त्याला फेब्रुवारीत एकदम लेखनिक देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला नदीत सोडणं.

लेखनिक जुलैपासून शोधायचा तो याचसाठी. त्याची इयत्ता कोणती चालेल हे परिपत्रकात असतं. त्याच्या स्वतःच्या परीक्षेच्या तारखा आधी बघा. त्याच्या मुख्याध्यापकांची आणि आईवडिलांची लेखी परवानगी घ्या. एक राखीव लेखनिक ठेवा, फेब्रुवारीत पोरांना कांजिण्या येतात. इंग्रजीच्या पेपरला स्पेलिंग नीट येणारा वेगळा लेखनिक लागू शकतो. त्याच्या जाण्या-येण्याचा आणि डब्याचा खर्च कॉलेजनं करावा, ही रक्कम मोठी नसते.

दोघांचा सराव किमान पाच-सहा पूर्ण पेपरांचा हवा. सांगण्याचीही एक कला असते. 'क्ष अधिक दोनचा वर्ग' असं विद्यार्थी म्हणाला, तर वर्ग दोनचा की सगळ्या पदावलीचा? 'कंस सुरू', 'कंस पूर्ण', 'नवी ओळ', 'अधोरेखित' हे शब्द आधीच ठरवून घ्या. प्रत्येक उत्तर झालं की लेखनिकानं ते परत वाचून दाखवायचं. उत्तर सुचवायचं नाही, हे त्याला समजावून सांगा, आणि विद्यार्थ्यालाही सांगा की चूक दिसली तर थांबवायचा त्याला अधिकार आहे.

खोली तळमजल्यावर, उजेडाची आणि स्वतंत्र. लेखनिक घेतलेली दोन मुलं एका खोलीत बसवली तर दोघांना एकमेकांची उत्तरं ऐकू येतात. पर्यवेक्षकाला आदल्या दिवशी सांगा की या खोलीत बोलणं चालणार आहे. मंजुरीपत्राच्या तीन प्रती करा: केंद्रसंचालकांकडे, पर्यवेक्षकाकडे, विद्यार्थ्याच्या खिशात. आणि वेळेचा हिशोब करा. अकराचा पेपर वाढीव वेळेसह तीनला संपतो, पण दुपारी तीनचा पेपर सातला. तोवर गावाकडची शेवटची एसटी गेलेली असते. दरवाजा बंद करायला थांबणारा शिपाई आणि घरी पोचवणारं वाहन, दोन्ही आधी ठरवा. एकदा एका मुलानं पाऊण तास उरलेला असताना पेपर दिला, कारण त्याला गाडी चुकण्याची धास्ती होती. तेव्हापासून वाहनाची ओळ मी टिपणाच्या नमुन्यातच घातली आहे.

अडवणूक झाली तर

आधी प्राचार्यांकडे लेखी, पोच घेऊन. तिथं तोडगा निघाला नाही तर विभागीय मंडळ किंवा विद्यापीठ. त्याही पुढं पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. तक्रारीत कायद्याचं कलम, अर्जाची तारीख आणि आवक क्रमांक लिहा. शिक्षक म्हणून आपण विद्यार्थ्याच्या बाजूनं सही करायला घाबरू नये. मी केली आहे, माझी नोकरी शाबूत आहे.

एप्रिल-मे: निघताना हातात काय द्यायचं

बारावीनंतर मूल दुसरीकडे जातं आणि तिथं सगळं पहिल्यापासून सुरू होतं. सीईटीच्या अर्जात, प्रवेशाच्या अर्जात, वसतिगृहाच्या अर्जात दिव्यांगत्वाची नोंद पुन्हा करावी लागते. म्हणून दाखल्याबरोबर एक पातळ फाइल द्या: मंडळाचं सवलत मंजुरीपत्र, आपलं एका पानाचं टिपण, कोणती सोय कामाला आली आणि कोणती आली नाही याच्या चार ओळी, आणि वरच्या पानावर ठळक अक्षरांत प्रमाणपत्राची मुदत संपण्याची तारीख. हेच सगळं स्कॅन करून त्याच्या ईमेलवरही पाठवा, फाइलींच्या नावांसकट, म्हणजे ज्याला दिसत नाही त्यालाही हवा तो कागद स्वतः शोधून जोडता येईल.